न दाबलेली पट्टी

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मेन्नोमामा चाळीस मिनिटं उशिरा आला, आणि त्या चाळीस मिनिटांत केकला कोणी हात लावला नाही.

हे काही प्रेमापोटी नव्हतं. ऑर्गनच्या खोलीत सात खुर्च्यांचा गोल मांडला होता, त्यातली एक रिकामी होती, आणि रिकाम्या खुर्चीसमोर केक कापायचा नाही हा आजोबांचा नियम. जमिनीतून गॅस उपसून उपसून गावाला भूकंपाचे धक्के बसायला लागले तेव्हा या घराच्या भिंतींना भेगा पडल्या, आजोबांच्या नियमांना नाही.

"कलाकार माणूस," वुब्बोमामा घड्याळाकडे बघत म्हणाला. "दुपारचे चार त्याला पहाट वाटत असेल."

"गप्प बस रे," आजी म्हणाली. "आज उशीर चालतो."

"मला कधी नाही चालला तो."

"तू कधी केलासच नाहीस."

वुब्बोमामाची बायको इनेकेमामी हसली, तिच्या मांडीवरची सहा वर्षांची लेक फेन्ना काही न कळता हसली, आणि रेन्स्केला वाटलं, आजचा दिवस झकास जाणार. पंधरा वर्षांच्या मुलीला असं वाटायला फारसं कारण लागत नाही, पण रेन्स्केकडे कारण होतं. शुक्रवारी मेन्नोमामाचा अल्बम येणार होता आणि शनिवारी शहरातल्या जुन्या साखर कारखान्यात, बाराशे लोकांसमोर, अडीच वर्षांनी तो परत संगीताच्या यंत्रांमागे उभा राहणार होता. टोर्फ. ज्या दलदलीतल्या पीटच्या मातीवर त्यांचं गाव वसलं त्या मातीचंच नाव त्याने स्टेजसाठी घेतलेलं. रेन्स्केच्या वर्गातल्या सव्वीस जणांपैकी एकोणीस जण शनिवारी येणार होते, आणि त्या एकोणीस जणांना टोर्फ तिचा सख्खा मामा आहे हे तिने किमान चारदा सांगितलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी अँटवर्पच्या मैदानावर अर्ध्या कार्यक्रमातून तो उठून गेला होता. तेव्हापासून घरात त्या प्रकाराला 'थकवा' म्हणत. मामा थकलाय. मामाला विश्रांती हवी. रेन्स्केची आई, आलेइदा, त्याची धाकटी बहीण आणि त्याची सगळी कामं बघणारी, हा शब्द इतक्या ठामपणे उच्चारायची की पुढे विचारायची सोय नसे.

तो आला. काळा टी-शर्ट, काखेत एक स्पीकर, दुसऱ्या काखेत दुसरा, आणि दातांत पिओनींच्या जुडीची दोरी. स्पीकर खाली ठेवून त्याने फुलं आजीच्या ओंजळीत टाकली आणि मग रीतीप्रमाणे गोल फिरून सगळ्यांचं अभिनंदन केलं. आजोबांचं त्यांच्या बायकोबद्दल, वुब्बोचं त्याच्या आईबद्दल, इनेकेचं तिच्या सासूबद्दल, रेन्स्केचं तिच्या आजीबद्दल. रेन्स्केला ही रीत फार आवडायची. जणू प्रत्येकाने थोडाथोडा हात लावून आजीला ऐंशीपर्यंत ढकलत आणलं होतं.

"मेन्नो, कॉफीत दूध?" इनेकेमामीने त्याच्या पाठीमागून विचारलं.

तो वायरी सोडवत राहिला.

"आता आम्हाला उत्तरसुद्धा नाही," वुब्बोमामा म्हणाला.

"दूध नको त्याला," आई पटकन म्हणाली.

केक खाऊन झाला, प्रत्येकी एक तुकडा, दुसरा विचारायचा नसतो. मग आजोबांनी कानांतली यंत्रं नीट बसवली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "लाव."

याला घरात 'कानांची फेरी' म्हणत. आजोबांचे वडील चर्चमधल्या ऑर्गनांचे सूर लावायचे, मग आजोबा लावायचे, आता वुब्बोमामा लावतो. एखाद्या ऑर्गनचं काम संपलं की सगळं घर चर्चच्या रिकाम्या बाकांवर नेऊन बसवायचं, ऑर्गन ऐकवायचा आणि प्रत्येकाने एक दोष सांगायचा. कौतुक करायला बंदी. मेन्नोने घरचं काम सोडून गावाबाहेर घेतलेल्या, छप्पर घातलेल्या जुन्या खळ्यात सिंथेसायझर मांडले तेव्हा आजोबा वर्षभर त्याच्याशी बोलले नव्हते, पण पहिली रेकॉर्ड निघण्याआधी तो ती घेऊन या गोलात येऊन बसला, आणि आजोबांना दोष सांगावाच लागला. अबोला तिथे संपला. तेव्हापासून त्याची एकही गोष्ट फेरीशिवाय बाहेर गेली नव्हती.

संगीत सुरू झालं. खर्जाचा ठेका जमिनीतून वर आला, टेबलावरच्या चमच्यांना हलकेच कापरं भरलं, आणि त्यावर हळूहळू ऑर्गनच्या नळ्या उमलल्या. याच खोलीतल्या ऑर्गनच्या. गेल्या हिवाळ्यात वरची सुटी पेटी मामाने महिनाभर खळ्यात नेली होती आणि एकेक नळी मायक्रोफोनसमोर वाजवून टिपली होती. रेन्स्केच्या अंगावर काटा आला. तिने मनातल्या मनात एकोणीस जणांना एकेक करून या खोलीत आणून बसवलं.

मग तिच्या कानात सुई गेली.

आधी तिला वाटलं घरातच काहीतरी वाजतंय. फ्रिज, नाहीतर आजोबांचं यंत्र. बारीक, सरळ, न थांबणारी किणकिण, आवाज म्हणावा तर आवाज नाही, दाताला बर्फ लागल्यासारखं काहीतरी. गाणं संपलं तेव्हा ती थांबली. पुढचं सुरू झालं तेव्हा ती परत आली. ठेका बदलला, नळ्या बदलल्या, ती तशीच. रेन्स्केने गोलावर नजर फिरवली. आजोबांचे डोळे मिटलेले. आजी पिओनींकडे बघत होती. वुब्बोमामा तोंड वाकडं करून, पण पायाने ठेका धरून. फक्त फेन्नाने दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि इनेकेमामी ते पुन्हा पुन्हा खाली ओढत होती.

तिसऱ्या गाण्याला रेन्स्के कॉफीचे कप उचलून स्वयंपाकघरात गेली. आई तिच्या मागोमाग आली. ती काय सांगणार हे ठाऊक असल्यासारखी आली, आणि रेन्स्केला त्याचीच भीती वाटली.

"आई, त्यात काहीतरी वाजतंय."

"काय?"

"वर. खूप वर. सगळ्या गाण्यांत. फेन्नालापण ऐकू येतंय."

आईने नळ सोडला आणि कप न धुता नुसतेच पाण्याखाली धरले. "मला नाही येत."

"तू बेचाळीस वर्षांची आहेस."

"आभारी आहे."

"आई, शनिवारी येणारे सगळे वीसच्या आतबाहेरचे आहेत. त्यांना येणारच. माझ्या वर्गातल्यांना येणार. ते असं काहीतरी लिहितील ना, की—"

"रेन्स्के." आईने नळ बंद केला. "ऐक. तुझ्या मामाचे कान गेलेत."

रेन्स्के कपाटाला टेकली.

"पूर्ण नाही. वरचे. अँटवर्पला त्याला मधेच आपलीच टीप, म्हणजे वरचे सूर, ऐकू येईना, म्हणून तो उतरला. डॉक्टरांचा आलेख माझ्याकडे आहे. अर्ध्यापर्यंत रेघ नीट जाते आणि मग विहिरीत उडी मारल्यासारखी खाली." ती हे सगळं फडक्याकडे बघत बोलत होती. "त्याने तो आलेख घडी करून मला दिला आणि म्हणाला, हा तुझ्याकडे असू दे. त्यानंतर आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. हा अल्बम त्याने अंदाजाने केलाय, जुन्या सवयीने. आणि चांगला केलाय. शनिवार होऊ दे. एकदा तो त्या लोकांसमोर उभा राहू दे. मग बघू."

"आणि फेरीत माझी पाळी आली की?"

"म्हण, ठेका एका जागी लांबलाय. काहीही म्हण. तुला बोलायला कमी पडत नाही कधी."

दोघी परत गोलात येऊन बसल्या. शेवटचं गाणं संपत होतं. किणकिण संपली तेव्हा रेन्स्केचे खांदे आपोआप खाली आले.

"हं," आजोबा म्हणाले. "चौथ्यात खर्ज उशिरा येतो. केसभर."

"मान्य," मामा म्हणाला. तो आजोबांच्या तोंडाकडे बघत होता, ताठ बसून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

"दुसरं गाणं लांब आहे," आजी म्हणाली. "मला मधे बाथरूमला जावंसं वाटलं."

"हा दोष तुझा आहे, आई."

"माझ्या वयात बाथरूमला जाता येईल असं संगीत करावं माणसाने."

इनेकेमामीला शेवट अचानक वाटला. वुब्बोमामाची पाळी आली तेव्हा त्याने मोहरीच्या चटणीत बुडवलेला चीजचा तुकडा सावकाश खाल्ला. "टीप फार आहे," तो म्हणाला. "सगळीकडे. नळ्या तासल्यासारख्या वाटतात. आपल्या ऑर्गनचा आवाज असा नाही."

"तो असाच आहे. तुम्ही लोक चर्चच्या प्रतिध्वनीत ऐकता म्हणून तुम्हाला मऊ वाटतो."

"मी रोज ऐकतो मेन्नो. तू वीस वर्षांपूर्वी ऐकायचास."

"फेन्ना?" आजोबांनी भांडण तिथेच मोडलं. फेरीत वयाची अट नव्हती.

"डास," फेन्ना म्हणाली.

सगळे हसले. मामाही हसला. "डास कुठे ग?"

"गाण्यात. सगळ्या गाण्यात डास आहे. तो टोचतो."

"बरं, डासाची नोंद घेतली," मामा म्हणाला आणि खुर्चीसकट रेन्स्केकडे वळला. "आता खरी परीक्षक. हे सगळे म्हातारे झाले ग. शनिवारी माझ्यासमोर तुझ्या वयाचे उभे असणार. मला तुझाच दोष ऐकायचाय."

आईचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला आणि तसाच राहिला.

रेन्स्केने तोंड उघडलं तेव्हा तिला खरंच ठेक्याबद्दल बोलायचं होतं. पण तो तिच्या ओठांकडे बघत होता, इतक्या विश्वासाने की तिला ते सहन होईना.

"फेन्ना खरं बोलतेय," ती म्हणाली. "डास आहे. म्हणजे एक बारीक किणकिण. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकाच उंचीवर. नळ्या वाजतात तिथे जास्त. दोन गाण्यांनंतर डोकं दुखायला लागतं, मामा."

"पोरींनो, हे तुमचं ठरलंय का?" आई हसत म्हणाली, पण तिचं हसू कोणी घेतलं नाही.

"नळ्या वाजतात तिथे," मामा म्हणाला. स्वतःशीच. मग एकदम, "टीव्ही."

"काय टीव्ही?"

"खळ्यात तो जुना फुगीर काचेचा टीव्ही आहे ना. आवाज बंद करून मी तो दिवसभर चालू ठेवतो, सोबत म्हणून. ते टीव्ही फार वरच्या सुरात वाजतात. लहानपणी शेजारच्या खोलीत कोणी टीव्ही लावला तरी मला भिंतीतून कळायचं." तो थांबला. "नळ्या टिपल्या तेव्हा तो चालू होता. महिनाभर."

"आणि पडद्यावर दिसलं नाही तुला?" वुब्बोमामाने विचारलं. "तुमच्या कॉम्प्युटरवर सगळ्या आवाजांच्या उंच्या दिसतात. अशी सरळ रेघ आंधळ्यालासुद्धा दिसेल."

"मी पडद्यावर फडकं टाकतो."

"फडकं."

"कामाच्या वेळी. आजवर तसंच केलंय मी. बाबांनीच शिकवलंय, डोळे मिटून लावायचं, डोळे कानाला फसवतात." तो आजोबांकडे वळला. "तुम्हीच सांगितलंत ना?"

आजोबांनी कानातलं एक यंत्र काढलं, पुसलं आणि परत बसवलं.

वुब्बोमामाने खिशातून फोन काढला. "माझ्याकडे सूर मोजायचं ॲप आहे. आत्ता धरतो स्पीकरसमोर, दोन मिनिटांत—"

"ठेव तो," आजोबा म्हणाले. "या घरात कान असताना काच बघायची नाही."

"बाबा, याच हट्टापायी तर हे झालंय."

"ठेव म्हटलं ना. तिला ऐकू येतं म्हणते, त्याला येत नाही. ते कानानेच ठरेल. मेन्नो, खिडकीकडे तोंड करून बस. रेन्स्के, ऑर्गनवर."

"आज नको, हार्म," आजी आजोबांना म्हणाली.

पण मामा उठलाच होता. त्याने आपली खुर्ची गोलातून उचलली, खिडकीकडे वळवून ठेवली आणि पाठ करून बसला. त्याच्या पाठीवर, टी-शर्टच्या कापडातून, खांद्यांची हाडं दिसत होती. रेन्स्केने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती.

घरचा ऑर्गन कपाटाएवढा. आजोबांनी बाकी सगळ्या नळ्या बंद करून फक्त सगळ्यात वरच्या सुरांची एकफुटी ओळ उघडली, जिच्यातल्या शेवटच्या नळ्या पेन्सिलीच्या टोकाएवढ्या असतात. भाता भरला. आजोबा रेन्स्केच्या शेजारी बाकावर बसले आणि हळू म्हणाले, "पट्टी लाकडावर आपटू देऊ नकोस. हळूच दाब, हळूच सोड. एकेक पायरी वर." मग मोठ्याने, "मेन्नो, ऐकू आलं की हात वर."

मधल्या पट्टीपासून तिने सुरुवात केली. मामाचा उजवा हात वर गेला, खाली आला. पुढची. वर, खाली. हात अगदी स्वराबरोबर उठत होता आणि रेन्स्केच्या छातीतलं ओझं पट्टीपट्टीने कमी होत होतं. चार पट्ट्या, सहा, आठ. तिला वाटलं, डॉक्टर चुकले. आलेख दुसऱ्याच कोणाचा असणार. आता आवाज पाखरांसारखे झाले होते, बारीक आणि टोकदार, आणि हात उठतच होता. नीट, सारख्या अंतराने. एक, आणि दोन, आणि तीन.

तेव्हा तिला दिसलं की हात जरा आधी उठतोय.

ती दाबायच्या आत. डोळ्याचं पातं लवायच्याही निम्म्या वेळेने, पण आधी. आजोबांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी आपला सुरकुतलेला, डागाळलेला हात तिच्या हातावर ठेवला आणि अलगद, मांजरीचं पिल्लू उचलावं तसा, तो पट्ट्यांवरून उचलून घेतला.

खोलीत काहीच वाजत नव्हतं. भात्याचा नुसता श्वास.

मामाचा हात वर गेला. खाली आला. वर गेला. वीस वर्षं हजारो लोकांना ज्याने एका ठेक्यावर नाचवलं त्या माणसाला पुढचा ठोका कधी येणार हे कोणी सांगायची गरज नव्हती, आणि तो ठोका जिथे जिथे यायला हवा तिथे तिथे त्याचा हात उठत होता. पाच वेळा. सहा. इनेकेमामीने तोंडावर हात धरला. वुब्बोमामाच्या चेहऱ्यावर दुपारपासून जे काही होतं ते सगळं उतरून गेलं आणि तो एकदम आजीसारखा दिसायला लागला.

"काका," फेन्ना म्हणाली, "ताई वाजवतच नाहीये."

हात वरच राहिला. मग बोटं मिटली, आणि तो खाली आला, आणि मांडीवर पडून राहिला.

कोणीतरी बोलायला हवं होतं, पण पहिलं कोणी बोलायचं हे या घरात आजोबा ठरवतात, आणि आजोबा पट्ट्यांकडे बघत होते.

"मला हे सोंग येतं," ते शेवटी म्हणाले. "म्हणून मला दिसलं. मीही असाच मान डोलवायचो."

"तुम्ही काय बोलताय?" वुब्बोमामा म्हणाला.

"माझे कान पन्नाशीतच गेले. चर्चवाल्यांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम बंद. मेन्नो तेव्हा चौदाचा. मी ऑर्गनच्या आत उभा राहायचो आणि तो पट्ट्या दाबायचा, सगळ्यांना तेवढंच दिसायचं. कुठली नळी चढलीय, कुठली उतरलीय, ते तो मला सांगायचा. खोकून. एक खोकला वर, दोन खाली."

"किती वर्षं?"

"सहा."

वुब्बोमामाने खाली बघून पँटवरचा केकचा कण झटकला, तिथे कण नसताना. "मी रोज मागायचो तुम्हाला," तो म्हणाला. "मला घेऊन चला म्हणून. तुम्ही म्हणायचात, मेन्नोचे कान देवाने दिलेले, तुझे बाजारातले. पन्नास वर्षांचा झालो, बाबा. अजून प्रत्येक ऑर्गन लावताना मी ते ऐकतो."

"तसं म्हणावं लागलं."

"लागलं?"

"तू कोणाला तरी सांगितलं असतंस. तू सरळ मुलगा होतास."

आजीने पिओनी बाजूच्या टेबलावर ठेवल्या. "मला माहीत होतं," ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही. "मी त्या दोघांना डबा भरून द्यायचे."

आता आई उठली. तिने डोळे पुसले नव्हते, पण आवाज कामाचा केला होता, फोनवर वापरते तो. "ठीक आहे. म्हणजे हे होऊ शकतं. एकदा झालेलं आहे. रेन्स्के सुटीत खळ्यात बसेल मेन्नोजवळ. अल्बम महिनाभर पुढे ढकलू, ती किणकिण काढू, टीप ती सांगेल तशी करू. शनिवारचं बघता येईल, ती मागे उभी राहील, कानात मायक्रोफोन—"

"पोर चांगली आहे," आजोबा म्हणाले. "कान स्वच्छ आहेत तिचे."

दुपारभर ही दोघं एकमेकांशी धड बोलली नव्हती. आता एकाच चेहऱ्याने दोघंही रेन्स्केकडे बघत होती. आणि रेन्स्केला, खोटं कशाला बोला, आनंद झाला. असा आनंद आत्ता होऊ नये हे कळत असूनही झाला. सुटीभर खळ्यात. टोर्फचे कान. तिने "हो" म्हणायला श्वास घेतला.

"नाही," मामा म्हणाला.

तो अजून खिडकीकडेच तोंड करून होता.

"मेन्नो, ऐकून तर घे."

"ऐकतोय, आलेइदा. तेवढं येतं अजून." त्याने खुर्ची वळवली. त्याचा चेहरा अगदी साधा होता, रडका नाही, रागावलेला नाही, सगळं सामान हलवलेल्या खोलीसारखा. "सहा वर्षं मी एकही नळी माझ्यासाठी ऐकली नाही. चर्चच्या घंटा वाजल्या तरी मी आधी खोकायचो. घर सोडून गेलो आणि यंत्रं घेतली ती का, तर त्यांचे सूर चढत नाहीत, उतरत नाहीत. कोणाला काही सांगावं लागत नाही. बाबा, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. पण तिला नाही बसवणार."

"मला चालेल मामा," रेन्स्के म्हणाली. "मला आवडेल."

"मलाही आवडायचं."

त्याने फोन काढला आणि अल्बम काढणाऱ्या लोकांचा नंबर लावला. रविवारीही कोणीतरी फोन उचलला. मामा म्हणाला, मी मेन्नो, शुक्रवारचं थांबवा. शनिवारचंही. नाही, पुढे नाही ढकलायचं, बंद. मग समोरून बरंच बोलणं आलं असावं. त्याने फोन या कानाला धरला, मग त्या कानाला. "काय?" तो म्हणाला. "परत सांगा." आणखी एकदा, "परत सांगा." शेवटी त्याने फोन मांडीवरून पुढे केला, आणि तो घ्यायला आई पोचायच्या आत वुब्बोमामा पुढे झाला.

"मी त्याचा भाऊ बोलतोय," वुब्बोमामा म्हणाला. "तो काय म्हणाला ते ऐकलंत ना तुम्ही? मग तेच."

आई खाली बसली. अडीच वर्षं घडी करून ठेवलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर एकदम उलगडलं, आणि आजीने उठून, स्वतःच्या वाढदिवसाला, तिच्यासाठी पाणी आणलं.

यानंतर सुक्या सॉसेजची ताटली फिरली. फिरवायची वेळ झाली होती म्हणून फिरली. सातच्या सुमारास मामा स्पीकर उचलून निघाला तेव्हा रेन्स्केने त्यातला एक घेतला आणि त्याच्यामागे अंगणात गेली. जूनचं ऊन अजून घराच्या छपरावर होतं. दोघांनी स्पीकर गाडीत ठेवले. तो आत बसला नाही.

"सांग ना," तो म्हणाला, "कशी आहे ती? किणकिण."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या शेवटच्या कामात ती आहे. मला माहीत तरी असू दे."

रेन्स्केने गाऊन बघितलं. ते कोणालाच गाता येण्यासारखं नव्हतं. "डासासारखी," ती म्हणाली, "पण त्याहून सरळ."

"डास गेला. दोन उन्हाळे झाले, चावला की कळतो."

"गवतातले नाकतोडे असतात ना, दुपारी—"

"ते गेले."

"सायकलचा ब्रेक. पावसात."

तो विचारात पडला. "नाही," तो म्हणाला. "तोही गेलाय वाटतं. लक्षातच आलं नव्हतं."

छपरावरून पाकोळ्यांचा थवा किंचाळत खाली आला, अंगणात वळला आणि पुन्हा वर गेला, इतक्या जवळून की रेन्स्केने मान आत घेतली. मामाने मान आत घेतली नाही. त्यांच्या सावल्या गाडीवरून सरकल्या तेव्हा त्याने वर पाहिलं आणि नुसताच त्यांच्या मागे बघत राहिला, त्या दूर जाईपर्यंत.

तिच्या जिभेवर आणखी पाच-सहा गोष्टी होत्या. किल्ल्यांचा जुडगा. आजीच्या किटलीची उकळायच्या आधीची शीळ. बर्फावर पहिलं स्केट ठेवलं की होतो तो आवाज. ती बोलली असती तर त्याने प्रत्येकीला उत्तर दिलं असतं, आणि प्रत्येक उत्तर तिला आयुष्यभर माहीत राहिलं असतं.

"कशासारखीच नाही, मामा," ती म्हणाली, त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा. "खरंच. असं दुसरं काही वाजतच नाही."

"मग बरं आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, फार काही गेलं."